मळलेली वाट आणि बर्फ : मार्चमध्ये ब्यास कुंडाला जावं का?

रानवाटा | १२ जानेवारी, रात्री १०.०५

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, आणि तो स्पष्ट शब्दांत हवा आहे.

आम्ही सहा जण, सगळे पुण्याचे. वीसेक वर्षं सह्याद्रीत फिरतोय. अलंग-मदन-कुलंग, नाणेघाटाच्या आजूबाजूच्या घाटवाटा, भर पावसातला रतनगड, सगळं झालंय. आमच्यातल्या दोघांनी मनालीच्या गिर्यारोहण संस्थेतून बेसिक कोर्स केलाय, पण तो मे महिन्यात. आता मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मनालीच्या वर सोलंग–धुंडी–बकरथाच–ब्यास कुंड असा बेत शिजतोय. कुठल्याही कंपनीतर्फे नाही, आपले आपण. तीन मुक्काम.

उन्हाळ्यात हा ट्रेक सोपा समजला जातो. कुंड साधारण ३,७०० मीटरवर, आणि वाट जवळजवळ सगळी नदीच्या कडेने, दरीच्या तळातून. आमच्यातल्या एकाचं म्हणणं असं की आपण कुठल्याच उतारावर चढणार नाही, तेव्हा हिमस्खलनाचा प्रश्नच येत नाही. शिवाय गेल्या वर्षी याच दिवसांत एक ग्रुप जाऊन आला, त्यांची जीपीएसची रेघही मिळाली आहे.

ऐकायला पटतं, पण मनाला पटत नाही. ज्यांनी हिवाळ्यातला हिमालय पाहिलाय त्यांनी कृपया लिहा.

---

सह्यवेडी | रात्री १०.३१

वाचतेय. आम्हालाही फेब्रुवारीत जायचं होतं, त्यामुळे हा धागा अगदी वेळेवर आला.

---

मिलिंद_ठाणे | रात्री ११.१२

रानवाटा, एवढा विचार कशाला? मी उत्तराखंडातला केदारकंठा तीनदा केलाय, तिन्ही वेळा डिसेंबर-जानेवारीत. शेकडो लोक जातात, शाळेतली पोरं जातात. तुम्ही तर मदनचा कडा चढलेले लोक. बर्फ म्हणजे काही भूत नाही. चांगले बूट, गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर चढवायचं आवरण), मायक्रोस्पाइक्स (बुटाखाली लावायचे खिळे) घ्या आणि निघा.

---

नितीन_मनाली | १३ जानेवारी, सकाळी ७.२०

मूळचा जळगावचा, गेली अकरा वर्षं मनालीच्या वर एका गावात राहतो, छोटा होमस्टे आहे. सकाळी चहा घेताना धागा पाहिला आणि कप खाली ठेवून लिहायला बसलो.

रानवाटा दादा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्या दरीत जाऊ नका. कारण तुमच्या मित्राच्या वाक्यातच आहे. ‘आपण उतारावर चढणार नाही.’ बरोबर, चढणार नाही. पण उतार तुमच्या डोक्यावर असणार आहेत, दोन्ही बाजूंना, दिवसभर. धुंडीच्या पुढे दरी अरुंद होते. एका अंगाला हनुमान टिब्ब्याची रांग, दुसऱ्या अंगाला फ्रेंडशिप शिखराचे उतार. वरचं बर्फ सुटलं की ते तळापर्यंत येतं, आणि तळ म्हणजेच तुमची ‘सपाट वाट’. मी एप्रिलअखेर तिथून गेलोय. वाटेत बर्फाचे ढीग होते, घट्ट, मळकट, त्यात अर्धी मोडलेली झाडं रुतलेली. वर मान करून पाहिलं तर जिथून ते आलं ती जागा इतकी लांब होती की सांगूनही खरं वाटलं नसतं.

अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. त्याच्या दक्षिण तोंडाकडे जाणारा रस्ता धुंडीवरूनच जातो. त्या रस्त्याला हिमस्खलनापासून वाचवायला किती खटपट करावी लागली ते एकदा वाचा. जिथे सरकारला रस्ता झाकावा लागतो तिथे आपण तंबू टाकायचा?

---

रानवाटा | सकाळी ९.०२

नितीनभाऊ, मनापासून आभार. ‘उतार डोक्यावर’ हे आमच्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. आम्ही नकाशावर फक्त पायाखालच्या रेषा मोजत होतो.

---

झुरिचकर_मेधा | दुपारी १.४८

नितीन यांना पूर्ण अनुमोदन. मी इथे स्वित्झर्लंडमध्ये सात हिवाळे स्नोशूवर (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद पट्ट्या) फिरले आहे. थोडं सविस्तर लिहिते, कारण ही गोष्ट मला कोणी मराठीत सांगितली असती तर माझी पहिली दोन वर्षं अंधारात गेली नसती.

सगळ्यात धोकादायक प्रकार म्हणजे पाटीसारखं सरकणारं बर्फ. आपण वडी थापतो ना, तसं समजा. ताटाला तूप लावायच्या ऐवजी साखरेचे दाणे पसरले आणि त्यावर वडी थापली. ताट आडवं आहे तोवर काही होत नाही. कलंडलं की वडी फुटत नाही, अख्खी घसरते. डोंगरावर डिसेंबर-जानेवारीत बर्फ कमी पडतं, रात्री निरभ्र आणि कडाक्याच्या थंड असतात. अशा वेळी त्या पातळ थराचे खालून साखरेसारखे मोकळे दाणे होतात, एकमेकांना न चिकटणारे. मग फेब्रुवारीत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची हवा, एकामागून एक येतात आणि त्यावर मीटर-दीड मीटर बर्फ थापतात. वरून पाहणाऱ्याला पांढराशुभ्र, गुळगुळीत उतार दिसतो. साखर दिसत नाही.

आता कोन. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून कमी असेल तर बर्फ सहसा टिकून राहतं, फार जास्त असेल तर ते साठायच्या आधीच थोडंथोडं झडत जातं. पण हा कोन सुटायच्या जागेचा आहे, मरायच्या जागेचा नाही. सुटलेलं बर्फ खाली १५-२० अंशांच्या उतारावरून आणि पुढे सपाटीवरही धावतं.

आणि ज्यांत माणसं सापडतात त्यांतल्या १० पैकी ९ वेळा ते बर्फ सापडलेल्यानेच किंवा त्याच्या सोबत्याने सोडवलेलं असतं. म्हणजे बहुतेकदा आपल्याच पावलाने.

---

शब्दवेल | दुपारी २.१५

मेधाताई, वडीची उपमा फार आवडली.

थोडं अवांतर. आपल्याकडे पेपरात ‘हिमस्खलन’ छापतात, कधी ‘हिमकडा कोसळला’ असंही. पण हिमकडा कोसळणं म्हटलं की डोळ्यांपुढे कडाच येतो, दरड आल्यासारखा. मेधाताई सांगतात तो उतार तर ३५ अंशांचा, कडा नव्हेच. नावामुळेच आपली समजूत चुकते की काय असं वाटून गेलं.

---

नितीन_मनाली | दुपारी ३.४०

शब्दवेल, मुद्दा बरोबर आहे. तिकडे उत्तराखंडात गावकरी सरळ ‘ग्लेशियर आ गया’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हिमनदीच वाटली होती. म्हणून स्थानिक माणूस ‘आगे ग्लेशियर आता है’ म्हणाला तर ‘आम्हाला हिमनदी बघायचीच आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. तो तुम्हाला थांबवतोय.

---

मिलिंद_ठाणे | दुपारी ४.२६

माहिती चांगली आहे, पण थोडं प्रमाणात घेऊया. एक्स्प्रेसवेवर दर महिन्याला माणसं जातात म्हणून आपण लोणावळ्याला जायचं थांबतो का? तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा आनंदाने परत आलो. असं भीती घालून लोकांना डोंगरापासून तोडू नये एवढंच माझं म्हणणं.

---

सुभेदार_माण | संध्याकाळी ७.५५

राम राम. माण तालुक्यातला आहे. पलटणीत २४ वर्षं काढली, त्यातले चार हिवाळे उत्तर काश्मीरच्या चौक्यांवर. टायपायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मिलिंदराव, तुमचा राग नाही, पण एक गोष्ट सांगतो. आमच्या चौकीखाली एक नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, होती. त्या नाळेतून आमची गस्तीची तुकडी सलग ४० दिवस गेली आणि आली. रोज त्याच पावलांच्या खुणांवर पाय ठेवून. ४१ व्या दिवशी सकाळी साडेदहाला त्या नाळेतून वरचं सगळं बर्फ खाली आलं. त्या दिवशी आमची तुकडी दीड तास उशिरा निघाली होती, वायरलेस सेटची बॅटरी बदलायची होती म्हणून. आम्ही कडेला उभे राहून पाहिलं. आवाज नंतर आला, आधी वारा आला. माझ्या हातातली काठी त्या वाऱ्याने गेली. ४० दिवसांची मळलेली वाट कुठे होती हे नंतर कोणालाही दाखवता आलं नसतं.

तेव्हा ‘तीनदा गेलो’ याचा हिशेब बर्फ ठेवत नाही.

पुण्याच्या मंडळींसाठी. आपल्या सह्याद्रीत वाट मळलेली दिसली की आपण निर्धास्त होतो. तिथे ते खरं आहे. कातळ कालचा तोच आज असतो, घसाऱ्याची वाट पायाला कळते. बर्फात मळलेल्या वाटेचा अर्थ एवढाच की काल तिथून कोणीतरी गेलं. रात्री वारा फिरला, वरच्या धारेवरचं बर्फ उडून या अंगाला बसलं, तर आजचा उतार कालचा राहत नाही. आभाळातून एक कण न पडता.

आमची शिस्त लिहितो. धोक्याच्या उतारावरून एकेक माणूस, बाकीचे सुरक्षित जागी उभे राहून त्याच्यावर डोळा ठेवणार. बर्फाखाली गेलाच तर शेवटचा कुठे दिसला ते ठाऊक असावं म्हणून. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडायचा. काठीचा फास मनगटात नाही. प्रत्येकाच्या अंगावर एव्हीडी, म्हणजे दबलेल्या माणसाचा माग लावणारं यंत्र. आमच्या आधीच्या लोकांकडे नुसती लाल दोरी असायची, मागे लोंबती सोडायची, बर्फावर तिचं टोक दिसलं तर दिसलं. निघायचं पहाटे, ऊन चढायच्या आत उतार मागे टाकायचे. आणि ताजं बर्फ पडल्यावर चौकीतून कोणी हलायचं नाही, मग खाली साहेबांचा कितीही निरोप असो.

---

सह्यवेडी | रात्री ८.१०

सुभेदारसाहेब, अंगावर काटा आला. तुम्ही लिहीत राहा, वेळ लागू दे.

---

डॉ_अनघा | रात्री ९.३५

सुभेदारसाहेबांना नमस्कार.

वैद्यकीय बाजू लिहिते. बर्फाखाली माणूस थंडीने मरतो असा समज आहे. बहुतेक जण गुदमरून जातात, काही आपटल्याने. थंडी फार नंतर येते. थांबताक्षणी ते बर्फ सिमेंटसारखं आवळून बसतं, बोट हलत नाही. स्वतःच्याच श्वासाने तोंडापुढचं बर्फ वितळून गोठतं आणि काचेसारखा पापुद्रा धरतो. हवा आत येणं बंद.

पूर्ण गाडल्या गेलेल्यांना पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलं तर १० पैकी ९ जगतात. अर्ध्या तासावर गेलात की १० पैकी ३. याचा अर्थ सरळ आहे : हेलिकॉप्टर, जवान, कुत्री, कोणीही यायच्या आत निकाल लागलेला असतो. शोधणारे तुमचे सोबतीच. म्हणून यंत्र, सळई (बर्फात खुपसून माणूस चाचपायची) आणि फावडं ही तिन्ही प्रत्येकाकडे हवीत. यंत्राशिवाय फावडं म्हणजे कुठे खणायचं ते माहीत नाही, फावड्याशिवाय यंत्र म्हणजे मित्र कुठे मरतोय ते माहीत आहे आणि हाताने खणता येत नाही.

सियाचिनचं उदाहरण कोणी देईल म्हणून आधीच लिहिते. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर १० जवान गाडले गेले. लान्सनायक हणमंतप्पा सहाव्या दिवशी जिवंत सापडले आणि ११ तारखेला दिल्लीत गेले. ते असामान्यच होतं. त्यावरून आपल्यालाही वेळ मिळेल असा हिशेब कोणी करू नये.

---

सुभेदार_माण | रात्री ९.५८

डॉक्टर, त्या दहांत आमच्या माणचाही एक पोरगा होता. गावाने अजून विसरलेलं नाही.

---

आईच_मी | रात्री ११.२०

माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. पुढच्या महिन्यात कॉलेजच्या मित्रांबरोबर उत्तराखंडात बर्फाचा ट्रेक आहे, एका कंपनीतर्फे, पैसे भरून झालेत. मी कधी राजगडसुद्धा चढलेले नाही. त्याला नाही म्हणायचं नाहीये. पण त्या कंपनीला मी फोनवर नेमकं काय विचारू? ‘सेफ आहे ना’ विचारलं की ते ‘हो काकू, एकदम सेफ’ म्हणतात.

---

गिरीश_नाशिक | १४ जानेवारी, सकाळी ८.४४

ताई, हे मी लिहायलाच हवं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका कंपनीबरोबर गेलो होतो. नाव लिहीत नाही. दोन दिवस बर्फ पडलं होतं, तंबूत बसून होतो. तिसऱ्या दिवशी आकाश निळंभोर. लीडर पंचविशीतला मुलगा. तो कोणाशीतरी वॉकीटॉकीवर बोलला आणि म्हणाला, आज वर जायचंच, उद्या मागची बॅच इथे येतेय, तंबू रिकामे हवेत.

झाडी संपल्यावर एक मोकळा उतार आडवा पार करायचा होता. आम्ही अठरा जण ओळीने, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून. मध्यावर असताना पायाखालून आवाज आला. ‘धप्प’. मोठ्या पिंपाचं झाकण आत बसावं तसा, आणि तो पायात जाणवला. माझ्या बुटापासून एक बारीक चीर डावीकडे पळत गेली, वीस-पंचवीस फूट, ताटलीला तडा जावा तशी. लीडर म्हणाला, बर्फ ‘सेट’ होतंय, चला चला. आम्ही चाललो. काही झालं नाही. वर फोटो काढले.

दीड वर्षाने कोर्सला गेलो तेव्हा पहिल्याच तासाला शिक्षकांनी त्या आवाजाचं वर्णन केलं. म्हणाले, हा आवाज ऐकलात तर डोंगराने तुम्हाला याहून स्पष्ट काही सांगायचं शिल्लक ठेवलेलं नाही. खालचा थर बसला, पाटी सुटायला तयार आहे. मी वर्गातून उठून बाहेर गेलो. त्या अठरात माझी बायको आणि तिची धाकटी बहीण होती.

मिलिंद, ‘तीनदा गेलो आणि आलो’ हे मीही त्या दिवसापर्यंत म्हणत होतो.

---

मिलिंद_ठाणे | सकाळी १०.०६

गिरीश, हे वाचून गप्प बसलो. चीर पळताना मीही पाहिली आहे, दुसऱ्या वेळेला. आम्ही तिचा व्हिडिओ काढला होता. मला ते सुंदर वाटलं होतं.

एक्स्प्रेसवेचं वाक्य मागे घेतो.

---

झुरिचकर_मेधा | दुपारी १२.५०

मिलिंद, हे लिहिलंत याचं फार मोल आहे.

आईच_मी, तुमच्या प्रश्नाकडे. ‘सेफ आहे ना’ऐवजी हे विचारा. ताजं बर्फ पडलं तर तुम्ही किती दिवस थांबता, आणि त्यासाठी वेळापत्रकात राखीव दिवस आहे का? मागे फिरायचा निर्णय कोण घेतं, तिथला लीडर की इथलं ऑफिस? वाटेत ३० अंशांवरचा किंवा तशा उताराखालून जाणारा टप्पा कुठला, आणि तो टाळायची दुसरी वाट आहे का? गेल्या हंगामात किती वेळा शिखर न करता परत आलात? शेवटच्या प्रश्नाला ‘एकदाही नाही, १०० टक्के यश’ असं उत्तर अभिमानाने आलं, तर मुलाला दुसरीकडे पाठवा.

---

आईच_मी | दुपारी १.३०

वहीत उतरवून घेतलं. आजच फोन करते.

---

तात्या_चिपळूण | दुपारी २.०५

हिवाळ्यात चिपळूणला १५ अंश झालं की आमची ही मफलर काढते. तुम्ही लोक धन्य आहात. पण धागा एका दमात वाचला.

---

रानवाटा | रात्री ९.१८

सगळ्यांचे प्रतिसाद आमच्या ग्रुपवर टाकले. दोन तास चर्चा झाली, थोडी वादावादीही. एकाचा प्रश्न असा : हे सगळं नवशिक्यांसाठी झालं, अनुभवी लोकांना बर्फ वाचता येतं ना?

---

नितीन_मनाली | रात्री १०.४५

दादा, ४ ऑक्टोबर २०२२. द्रौपदी का डांडा. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी, अ‍ॅडव्हान्स कोर्सचे प्रशिक्षणार्थी आणि त्यांचे प्रशिक्षक. शिखराच्या वाटेवर पाटी सुटली. २९ माणसं गेली. त्यांत सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिने १६ दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू दोन्ही केले होते.

तिच्यापेक्षा बर्फ आपल्याला जास्त कळतं असं म्हणणारा आपल्यात कोण आहे?

आणि उलट बाजू. ४ एप्रिल २०२३, सिक्कीम, गंगटोक–नाथुला रस्ता. तिथे तर कोणी गिर्यारोहक नव्हतं, पर्यटक होते. परवाने तेराव्या मैलापर्यंतचे, लोक पंधराव्या मैलापर्यंत पोचले होते. सात जण गेले. २८ फेब्रुवारी २०२५, बद्रीनाथजवळ माणा. रस्त्याचं काम करणारे ५४ मजूर छावणीत होते. ४६ वाचले, आठ गेले. अनुभव, हौस, पोट, बर्फ काहीच विचारत नाही. ते फक्त उताराखाली कोण आहे एवढंच बघतं.

---

झुरिचकर_मेधा | १५ जानेवारी, दुपारी १२.१५

अनुभवी माणसाचा अनुभव कशासाठी वापरायचा हा खरा प्रश्न आहे. इथले जुने गाइड बर्फाशी पैज लावत नाहीत. ते कोन मोजतात. थर ओळखायला चुकू शकतात, कोन मोजायला चुकत नाहीत. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. दुसऱ्या पायरीला ४० अंशांच्या खाली राहायचं, तिसरीला ३५, चौथीला ३०. पाचवीला घरी. आणि इथे बरेच मृत्यू तिसऱ्या पायरीला होतात. चौथीला लोक भितात, तिसरी ‘मधली’ वाटते म्हणून निघतात.

कोन मोजायची पद्धत सांगते. सोपी : काठी उतारावर आडवी न ठेवता वर-खाली टेकवा, तिच्यावर फोन ठेवा आणि कोन दाखवणारं अ‍ॅप पाहा. फोन थंडीने मेला तर दोन सारख्या लांबीच्या काठ्या. एक काठी उताराच्या दिशेने बर्फात दाबून तिच्या लांबीची खूण उमटवा. मग तिचं टोक खुणेच्या वरच्या टोकावर टेकवा आणि तिची मूठ बाहेरच्या बाजूला उचला. त्या मुठीपासून दुसरी काठी सरळ ओळंब्यासारखी लोंबू द्या, आणि लोंबणाऱ्या काठीचं टोक बर्फाला टेकेल इतपत पहिली वर-खाली करा. टोक खुणेच्या खालच्या टोकावर बरोबर आलं तर उतार ३० अंशांचा. त्याहून खाली गेलं तर जास्त, वर राहिलं तर कमी. दर १० सेंटीमीटरला साधारण तीन अंश.

---

शब्दवेल | दुपारी १.००

ओळंबा! गवंड्याच्या हातातली वस्तू थेट हिमालयात पोचली.

---

डॉ_अनघा | दुपारी ३.२२

यंत्राबद्दल एक राहिलंच. मोबाइल त्याच्या कामात व्यत्यय आणतो. यंत्र नुसतं चालू असताना फोन त्यापासून किमान २० सेंटीमीटर लांब, आणि शोधत असताना ५० सेंटीमीटर. छातीवर यंत्र आणि त्याच खिशात फोन असं करू नका. आणि घरी बसून वापरायचं कसं ते कळत नाही. आधी मैदानात कोणाला तरी लपवून शोधायचा सराव करा. पहिल्या वेळी मला १४ मिनिटं लागली होती. तुम्हीच हिशेब करा.

---

नितीन_मनाली | संध्याकाळी ६.३०

भारतात हवामानासारखाच हिमस्खलनाचाही इशारा निघतो. चंडीगडची डीआरडीओची संस्था, जिचं जुनं नाव ‘सासे’ आणि आताचं डीजीआरई, ती हिवाळ्यात जिल्हावार इशारे देते. इथल्या बातम्यांत येतात, प्रशासनही पाठवतं. पण तो अख्ख्या जिल्ह्याच्या उंच भागासाठी असतो, तुमच्या एका नाळेसाठी नाही. तिथे तुम्हालाच बघावं लागतं : गेल्या दोन-तीन दिवसांत किती पडलं, वारा कुठून होता, समोरच्या डोंगरावर ताजं काही सुटलंय का, दुपारी एकदम ऊब आली का. समोरच्या त्याच तोंडाच्या उतारावर सुटलेलं दिसलं तर आपल्या उताराचं उत्तर मिळालं.

---

सुभेदार_माण | रात्री ८.४०

नितीनचं बरोबर. आणि सह्याद्रीच्या भाषेत सांगायचं तर नाळ सोडा, सोंड (डोंगराचा खाली उतरत आलेला दांड) धरा. दांडावरून चाला, घळीत मुक्काम करू नका. धारेवर चालताना मात्र कडेला जाऊ नका, वाऱ्याने बर्फाचं छज्जं पुढे वाढलेलं असतं, खाली जमीन नसते.

---

रानवाटा | १९ जानेवारी, रात्री ८.१५

रविवारी सगळे राजगडला गेलो, गुंजवण्याच्या वाटेने. काठी आणि फोन घेऊन. प्रत्येक टप्प्यावर आधी सहा जणांनी अंदाज सांगायचा, मग मोजायचं. ज्या चढाला आम्ही सगळे ‘४५ तरी असेल’ म्हणालो तो ३१ निघाला. चोर दरवाजाच्या खालचा एक, जिथे हात टेकवावे लागतात, तो ४० च्या पुढे. म्हणजे ज्या उतारांवर आम्ही आयुष्यभर सहज चढलो-उतरलो, नेमके तेच उतार बर्फात सुटतात. वीस वर्षं पायांना जे सवयीचं झालंय तेच तिथे घातक. येताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

नकाशावर ब्यास कुंडाची दरी पुन्हा काढली. या वेळी पायाखालच्या नव्हे, डोक्यावरच्या रेषा मोजल्या. बकरथाचच्या अलीकडे-पलीकडे सुरक्षित म्हणावी अशी मुक्कामाची जागा आम्हाला सापडली नाही. ज्या मित्राचं ‘सपाट वाट’ म्हणणं होतं, त्यानेच नकाशा मिटला.

ब्यास कुंड जूनवर गेलं. मार्चची रजा मात्र मंजूर आहे. नितीनभाऊ, बर्फात चालायचं शिकता येईल असं तुमच्याकडे काही आहे का?

---

नितीन_मनाली | रात्री ९.५०

या की. गावाच्या वर देवदाराचं दाट जंगल आहे, उतार २० च्या आसपास आणि वर मोकळा डोंगर नाही. जुनी, जाड झाडं, बुंध्यांना वरच्या अंगाने फांद्या शाबूत. ज्या जंगलात झाडांच्या वरच्या बाजूच्या फांद्या तुटलेल्या किंवा सगळी झाडं एकाच वयाची, बारीक दिसतात तिथे हिमस्खलन येऊन गेलेलं असतं, हेही दाखवतो. ओळखीचा गाइड आहे, त्याच्याकडे यंत्रं आहेत. चार दिवस नुसता शोधायचा आणि खणायचा सराव करा.

---

आईच_मी | २१ जानेवारी, सकाळी ११.०५

फोन केला. पहिल्या कंपनीने ‘काकू, तुम्ही फार विचार करता’ म्हणून ठेवून दिला. अर्धे पैसे बुडाले, बुडू देत. मुलाने स्वतः दुसऱ्या दोघांना फोन लावून मेधाताईंचे प्रश्न विचारले. एका मुलीने, ती लीडरच आहे, पाऊण तास समजावून सांगितलं आणि गेल्या हंगामात चार वेळा अर्ध्यातून फिरल्याचं आपणहून सांगितलं. तिच्याबरोबर जातोय. त्यांच्या वेळापत्रकात दोन राखीव दिवस आहेत.

---

सह्यवेडी | सकाळी ११.३०

ताई, फार छान. त्या मुलीचा संपर्क मला वेगळ्या निरोपाने कळवाल का?

---

रानवाटा | १३ मार्च, संध्याकाळी ७.४०

धागा वर काढतोय. नितीनभाऊंकडे आहोत. आलो त्या रात्रीपासून दोन दिवस सलग बर्फ. काल सकाळी लख्ख ऊन पडलं. पुण्यात असतो तर अशा सकाळी बूट चढवून निघालो असतो. आम्ही अंगणात बसून राहिलो. साडेअकराच्या सुमारास धुंडीच्या बाजूने आवाज आला, विमान जावं तसा, पण लांबत गेला आणि थांबायलाच तयार नव्हता. नितीनभाऊंनी नुसतं तिकडे बोट केलं.

आज जंगलात सराव. पाठपिशवीत यंत्र घालून मीटरभर खोल पुरली. पहिल्या खेपेला १९ मिनिटं, संध्याकाळपर्यंत ७. खणताना कळलं की शोधण्यापेक्षा खणायलाच जास्त वेळ जातो. एकाने खणायचं, दोघांनी मागे बर्फ लोटायचं, अशी पाळी लावली तेव्हा वेळ उतरली.

---

सुभेदार_माण | रात्री ८.०२

७ चांगली. उद्या हातमोजे ओले असताना आणि दमल्यावर करून पाहा.

---

रानवाटा | रात्री ८.१०

होय साहेब. पहाटे पाचला निघतोय, दहाच्या आत परत. नकाशा घरी पाठवलाय.